डांबरी रस्त्याच्या वार्धक्यमापनाचा इतिहास : राहुरी परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

रस्ता खराब झाला आहे हे सांगण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नसते. बैलगाडीवाल्यापासून एस.टी. चालकापर्यंत प्रत्येकाला ते कळते. तो का खराब झाला आणि खराब होण्याची क्रिया नेमकी केव्हा सुरू झाली, हे सांगणे मात्र अवघड असते. राहुरी परिसरात या प्रश्नाची तीन उत्तरे नेहमी ऐकू येतात : पाऊस, उसाची वाहने आणि निकृष्ट काम. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. चौथे कारण मात्र सहसा उच्चारले जात नाही. डांबर स्वतः म्हातारे होते. ऊन आणि हवा यांच्या सान्निध्यात ते वर्षानुवर्षे कडक व ठिसूळ होत जाते आणि एका मर्यादेनंतर खडीला धरून ठेवण्याचे त्याचे सामर्थ्य संपते. ही क्रिया डोळ्यांना दिसत नाही. तिचा परिणाम दिसू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हे अदृश्य वार्धक्य मोजण्याचा प्रयत्न गेली सव्वाशेहून अधिक वर्षे सुरू आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, या मापनपद्धती भारतात कोणत्या स्वरूपात आल्या आणि राहुरीसारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशातील रस्त्यांच्या संदर्भात त्यांचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे. विषय अभियांत्रिकीचा असला तरी येथील दृष्टी इतिहासाची आहे. कोणतेही मोजमाप कुणाच्या तरी प्रश्नातून जन्माला येते. तो प्रश्न कुणाचा होता हे समजले, म्हणजे त्या मोजमापाची मर्यादाही समजते.

संज्ञाविचार

मराठीत ‘डांबर’ हा शब्द दोन भिन्न पदार्थांसाठी वापरला जातो. एक दगडी कोळशापासून मिळणारे डांबर आणि दुसरे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून शेवटी उरणारे बिटुमेन. कपाटात ठेवल्या जाणाऱ्या नॅप्थॅलीनच्या गोळ्यांना आपण ‘डांबरगोळ्या’ म्हणतो ते पहिल्या अर्थाने, कारण नॅप्थॅलीन कोळशाच्या डांबरापासून मिळत असे. रस्त्यावर आज वापरला जाणारा पदार्थ बिटुमेन होय. लोकव्यवहारात त्यालाही डांबरच म्हणतात. प्रस्तुत लेखातही ‘डांबर’ हा शब्द याच अर्थाने योजला आहे.

वार्धक्य या संज्ञेत दोन टप्पे येतात. पहिला टप्पा अल्पकालीन असतो. डांबर तापवून गरम खडीत मिसळताना, वाहून नेताना आणि पसरताना ते काही तासांतच कडक होते. मिश्रणात खडीच्या प्रत्येक कणाभोवती डांबराचा लेप केवळ काही मायक्रॉन जाडीचा असतो आणि इतक्या पातळ, अतितप्त लेपावर हवेची क्रिया अत्यंत वेगाने होते. दुसरा टप्पा दीर्घकालीन असतो. रस्ता तयार झाल्यावर हवेतील प्राणवायू डांबराशी संयोग पावत राहतो, त्यातील तेलकट घटकांचे प्रमाण घटते आणि अस्फाल्टीन हे जड घटक वाढतात. या टप्प्याला वर्षे लागतात. मापनाच्या इतिहासातील बहुतेक वाद या दोन टप्प्यांतील भेद न ओळखल्यामुळे निर्माण झाले.

राहुरी परिसर : खडीपासून डांबरापर्यंत

राहुरी हा अहमदनगर, म्हणजेच २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील मुळा नदीकाठचा तालुका. नगर-मनमाड हा जुना मार्ग राहुरीतून कोल्हार, शिर्डी, कोपरगावकडे जातो. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि रेल्वेस्थानकापर्यंत माल नेणाऱ्या रस्त्यांना महत्त्व आले. त्या काळचे रस्ते मुरूम व खडीचे होते. दगडाची बारीक भुकटी आणि पाणी यांच्या साहाय्याने दाबलेली खडी लोखंडी धावेच्या बैलगाडीखाली दरवर्षी झिजे आणि मैलकुलीच्या हातून दरवर्षी दुरुस्त होई. या रस्त्याला वय असे नव्हतेच. त्याला फक्त झीज होती आणि ती उघड दिसत असे.

मोटारगाड्यांमुळे हे चित्र बदलले. रबरी धावेच्या वेगवान गाड्या खडीतील बारीक भुकटी शोषून उडवू लागल्या, धुळीचा त्रास असह्य झाला आणि खडी बांधून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याची निकड भासू लागली. १९२७ मध्ये मुकुंदराव रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली व १९२८ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा कराच्या आधारे केंद्रीय मार्ग निधी निर्माण झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली व तेथील आराखडा ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध झाला. मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले.

राहुरी परिसरात याच सुमारास आणखी एक बदल घडत होता. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला आणि पाहता पाहता प्रवरा-मुळेच्या खोऱ्यात साखर कारखानदारी उभी राहिली. राहुरी तालुक्यात ‘राहुरी फॅक्टरी’ हे गावाचेच नाव होऊन बसले. बारागाव नांदूरजवळील मुळा धरणाच्या पाण्यामुळे उसाचे क्षेत्र वाढले आणि ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत नेण्यासाठी बारमाही रस्त्यांची मागणीही वाढली. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातही हजारो हातांनी खडी फोडली. दुष्काळी कामांतून आणि १९७७ च्या कायद्याने आधार मिळालेल्या रोजगार हमी योजनेतून झालेल्या मुरूम-खडीच्या कित्येक रस्त्यांवर पुढे टप्प्याटप्प्याने डांबरीकरण झाले.

ग्रामीण व तालुका पातळीवरील अशा रस्त्यांवर वीस मिलिमीटर जाडीचे कार्पेट आणि त्यावर सीलकोट ही रचना दीर्घकाळ रूढ राहिली आहे. दहा चौरस मीटर कार्पेटच्या मिश्रणाला सुमारे १४.६ किलो, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम दीड किलो डांबर लागते. हा थर पातळ असतो व त्यात पोकळ्या अधिक असतात. सीलकोटाने त्या झाकल्या जातात, परंतु सीलकोट विरळ पडला किंवा उडाला की हवेला आत शिरण्यास मुक्त वाव मिळतो. खडीच्या रस्त्याची झीज दिसत होती. या रस्त्याचे वार्धक्य दिसत नव्हते आणि म्हणून ते मोजणे आवश्यक होते.

दातांपासून सुईपर्यंत (१८८८ ते १९१३)

मापनाचा इतिहास अमेरिकेतून सुरू होतो. १८७६-७७ मध्ये वॉशिंग्टन येथील पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर त्रिनिदादच्या सरोवरातील नैसर्गिक अस्फाल्ट वापरून फरसबंदी झाली. त्या काळात डांबराचा मऊपणा पाहण्याची पद्धत आज हास्यास्पद वाटेल. तपासनीस डांबराचा तुकडा दातांखाली धरून चावून पाहत असत. अनुभवी माणसाचे दात बऱ्यापैकी विश्वासार्ह असतीलही, पण एका तपासनीसाचा निर्णय दुसऱ्याला पडताळून पाहता येत नसे आणि कंत्राटदार व नगरपालिका यांच्यात वाद झाल्यास दातांची साक्ष काढता येत नसे.

१८८८ मध्ये बार्बर अस्फाल्ट कंपनीतील एच. सी. बोवेन यांनी यावर उपाय म्हणून एक यंत्र तयार केले. शिवणकामाची सुई ठराविक भाराखाली, ठराविक वेळात डांबरात किती खोल जाते हे ते मोजत असे. हीच पुढे वेधन अर्थात पेनिट्रेशन चाचणी झाली. तिचे प्रमाणित रूप असे : २५ अंश सेल्सिअस तापमान, १०० ग्रॅम भार, पाच सेकंद वेळ, आणि मोजमाप मिलिमीटरच्या दहाव्या भागात. सुई सहा मिलिमीटर शिरली तर वेधन ६०. डांबर जितके कडक, तितका हा आकडा लहान.

वार्धक्याच्या अभ्यासाला या सुईनेच आरंभ झाला. वॉशिंग्टनमध्ये डांबराचे तपासनीस असलेले ए. डब्ल्यू. डाऊ यांनी १९०३ च्या सुमारास डांबर तापविल्यानंतर त्याच्या वजनात व वेधनात होणारी घट अभ्यासली. १९१३ मध्ये प्रेव्हो हबर्ड आणि सी. एस. रीव्ह यांनी डांबराचे नमुने वर्षभर उघड्यावर ऊन-वाऱ्यात ठेवून त्यांतील बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डांबर कडक होण्याचे कारण केवळ त्यातील हलकी तेले उडून जाणे हे नसून हवेतील प्राणवायूचा संयोग हेही आहे, ही समज या टप्प्यावर दृढ होऊ लागली. उडून गेलेल्या तेलाने वजन घटते, तर प्राणवायूच्या संयोगाने ते वाढते. केवळ वजन पाहिले तर या दोन क्रिया एकमेकींना झाकून टाकू शकतात. मापनाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा धडा होता.

भट्टीतला काळ (१९३३ ते १९६३)

रस्त्यावरच्या डांबराचे वय मोजायचे तर आधी ते खडीपासून वेगळे करावे लागते. मिश्रण द्रावकात विरघळवून खडी गाळायची आणि मग द्रावक उकळवून काढून टाकायचा, ही कृती जीन ॲबसन यांनी १९३३ मध्ये पद्धतशीर मांडली. ती ‘ॲबसन पद्धती’ म्हणून आजही ओळखली जाते. या कृतीत एक मूलभूत अडचण आहे. द्रावकाचा अंश मागे राहिला तर डांबर आहे त्याहून तरुण दिसते आणि द्रावक काढण्यासाठी जास्त तापविले तर ते आहे त्याहून म्हातारे होते. मोजणाऱ्याचा हातच मोजल्या जाणाऱ्या वस्तूचे वय बदलू शकतो. त्याखेरीज बेन्झीनसारखे द्रावक प्रयोगशाळेतील माणसांच्या आरोग्यास घातक आहेत, याची जाणीव फार उशिरा झाली.

ही अडचण असूनही रस्त्यावरून काढलेल्या डांबराचे आकडे मोलाचे ठरले. १९३७ च्या सुमारास हबर्ड व गोलोम्ब यांनी रस्त्यांना पडलेल्या भेगा आणि परत मिळविलेल्या डांबराचे वेधन यांचा संबंध तपासला. वेधन २० ते ३० च्या पट्ट्यात उतरले की भेगांचा धोका ठळकपणे वाढतो, असे त्यातून पुढे आले. मूळ डांबर ६० किंवा ८० वेधनाचे असेल, तर रस्त्याचे आयुष्य या दोन आकड्यांमधील अंतरात सामावलेले असते.

यानंतरचा प्रश्न भाकिताचा होता. आज विकत घेतलेले डांबर उद्या किती कडक होईल हे आधीच सांगता येईल काय? जुन्या चाचणीत ५० ग्रॅम डांबर डबीत घालून १६३ अंशांवर पाच तास तापवीत व वजनातील घट पाहत. मात्र डबीतील डांबराचा थर दोन सेंटिमीटर खोल असे आणि हवेचा स्पर्श केवळ पृष्ठभागाला होई. १९४० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक मार्ग विभागातील लुईस व वेलबॉर्न यांनी याच तापमानाला व याच वेळात, पण ३.२ मिलिमीटर जाडीच्या थरावर चाचणी घेतली. ही ‘थिन फिल्म ओव्हन’ म्हणजे पातळ थराची भट्टी होय. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातील ह्वीम, झुब व स्कॉग यांनी थर आणखी पातळ केला. काचेच्या आठ बाटल्यांत प्रत्येकी ३५ ग्रॅम डांबर घालून त्या भट्टीत सतत फिरत्या ठेवावयाच्या आणि आत गरम हवेचा झोत सोडावयाचा, अशी ही फिरत्या पातळ थराची चाचणी. पाच तासांचे काम सव्वा ते दीड तासात होऊ लागले.

या दोन्ही भट्ट्यांचे तापमान १६३ अंश आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. ते तापमान मिश्रण तयार करणाऱ्या प्लांटचे आहे. जगातील कोणताही रस्ता उन्हाने तितका तापत नाही. म्हणजेच या चाचण्या पहिल्या टप्प्याचे, प्लांटमधील काही तासांचे वार्धक्य मोजतात. दहा वर्षांच्या उन्हाविषयी त्या काही सांगत नाहीत आणि त्यांच्या कर्त्यांनी तसा दावाही केलेला नव्हता.

रस्ता हीच प्रयोगशाळा

दुसऱ्या टप्प्याचे उत्तर रस्त्यावरच शोधावे लागणार होते. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात झाका-विगमोर येथे एक प्रायोगिक रस्ता बांधण्यात आला. एकाच प्रतीची म्हणून विकली जाणारी, परंतु वेगवेगळ्या उगमांची डांबरे त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांवर वापरली गेली आणि पुढे अनेक वर्षे नमुने काढून तपासले गेले. खरेदीच्या वेळी सारखे वेधन असलेली डांबरे रस्त्यावर सारख्या गतीने म्हातारी होत नाहीत, हे तेथे स्पष्ट झाले. मूळ खनिज तेल कोणते आणि ते कसे शुद्ध केले, यावर वार्धक्याचा वेग अवलंबून असतो. २५ अंशांवर सुई सारखीच शिरते, म्हणून दोन डांबरे सारखी ठरत नाहीत.

१९६८ मध्ये कून्स व राइट यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. रस्त्याचा थर कापून त्याच्या पातळ चकत्या वेगवेगळ्या तपासल्या असता, सर्वांत वरची चकती सर्वाधिक कडक आढळते व खोलीबरोबर कडकपणा कमी होत जातो. म्हणजे एकाच रस्त्याला एकच वय नसते. संपूर्ण गाभा एकत्र विरघळवून काढलेला आकडा तरुण तळ आणि म्हातारा पृष्ठभाग यांची सरासरी असतो. अशी सरासरी धीर देते, मात्र भेग ज्या पृष्ठभागापासून सुरू होते त्याच्याविषयी ती दिशाभूल करते.

दाबाखालचे वीस तास

१९८७ ते १९९३ या काळात अमेरिकेत मोठा महामार्ग संशोधन कार्यक्रम राबविला गेला. त्याच्या सुमारे पंधरा कोटी डॉलरपैकी पाच कोटी डॉलर केवळ डांबराच्या अभ्यासासाठी होते. तापमान फार न वाढवता रस्त्यावरची वर्षे प्रयोगशाळेत कशी आणावीत, हा त्यातील एक प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून प्राणवायूचा दाब वाढविण्यात आला. आधी फिरत्या भट्टीतून काढलेले डांबर २.१ मेगापास्कल दाबाच्या हवेत, ९०, १०० किंवा ११० अंश तापमानाला वीस तास ठेवले जाते. त्यानंतरची त्याची अवस्था रस्त्यावरील साधारण पाच ते दहा वर्षांच्या अवस्थेशी तुल्य मानली जाते. तीन तापमाने ठेवण्यामागे हवामानाचा विचार आहे. थंड प्रदेशाला ९०, मध्यम प्रदेशाला १०० आणि वाळवंटी प्रदेशाला ११० अंश. वार्धक्याच्या प्रमाणित चाचणीत प्रदेशाच्या हवामानाला अशा प्रकारे स्थान मिळाले, ही या टप्प्याची खरी प्रगती होय.

याच सुमारास रासायनिक मापनही प्रगत झाले. अवरक्त किरणांच्या साहाय्याने डांबरातील कार्बोनिल व सल्फॉक्साइड या गटांचे प्रमाण पाहता येते. हे गट प्राणवायूच्या संयोगाने तयार होत असल्याने त्यांची वाढ म्हणजे वार्धक्याची थेट खूण होय. वायोमिंगमधील लॅरमी येथे क्लेन पीटरसन यांनी केलेल्या दीर्घ संशोधनातून हेही स्पष्ट झाले, की ही क्रिया आरंभी झपाट्याने होते व नंतर संथ, पण अखंड चालू राहते.

भारतीय मानकांची वाटचाल

भारतात केंद्रीय मार्ग संशोधन संस्था १९५२ मध्ये दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात नाशिक येथे १९५९ मध्ये महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वपरिचित ‘मेरी’, स्थापन झाली. रस्त्याच्या डांबराचे भारतीय मानक आयएस ७३ या क्रमांकाने ओळखले जाते. दीर्घकाळ त्याचा आधार २५ अंशांवरील वेधन हाच होता. बाजारात ‘साठ-सत्तर’, ‘ऐंशी-शंभर’ अशी डांबराची नावे रूढ झाली ती यामुळेच. सुईचा आकडा हेच डांबराचे नाव बनले.

२००६ च्या सुधारणेत हे बदलले. वेधनाऐवजी ६० अंशांवरील स्निग्धता हा वर्गीकरणाचा आधार झाला आणि व्हीजी-१०, २०, ३०, ४० या प्रती आल्या. ६० अंश ही निवड अर्थपूर्ण आहे. ४० अंशांच्या उन्हाळी दुपारी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग त्या आसपास पोहोचतो. पातळ थराच्या भट्टीतून काढलेल्या डांबराची स्निग्धता मूळच्या चौपटीहून अधिक होता कामा नये, अशीही अट त्यात आहे. २०१३ च्या सुधारणेतही हा गाभा कायम राहिला.

तथापि या मानकाचे स्वरूप खरेदीच्या कराराचे आहे. पुरवठ्याच्या वेळी डांबर कसे असावे हे ते सांगते आणि भट्टीच्या अटीद्वारे प्लांटमधील वार्धक्याची हमी घेते. दाबाखालील वीस तासांची चाचणी आयएस ७३ च्या २००६ किंवा २०१३ च्या आवृत्तीत नाही. रस्तेबांधणीच्या केंद्रीय विनिर्देशांतही तापमानाची काटेकोर मर्यादा आहे. व्हीजी-३० डांबर १५० ते १६५ अंशांपर्यंतच तापवावे, असे ते सांगतात. पूर्वीच्या काळी पिंपातले डांबर उघड्या बॉयलरमध्ये लाकडाच्या जाळावर तापविले जाई. धूर, रंग आणि मुकादमाचा अनुभव हीच तेथील तापमापके असत. मर्यादेपलीकडे तापलेले डांबर रस्त्यावर पडण्यापूर्वीच आपले बरेचसे आयुष्य संपवून बसते. रोलर फिरल्यावर तोही रस्ता तितकाच काळा आणि गुळगुळीत दिसतो.

राहुरीच्या उन्हात या मापनाचा अर्थ

राहुरीचा प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. वार्षिक पाऊस सरासरी ५२० मिलिमीटरच्या आसपास असून वर्षाचा बहुतांश काळ स्वच्छ उन्हाचा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने ६० अंशांवर तापलेल्या रस्त्यावर वार्धक्याचा वेग ४० अंशांवरील रस्त्याच्या सुमारे चौपट असेल. थंड प्रदेशातील अनुभवावरून ठरविलेले रस्त्याचे आयुर्मान येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाही, एवढे यावरून निश्चित होते.

येथील रस्त्यांवर भेगा पडण्याची कारणेही एकत्र गुंतलेली आहेत. काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. कालव्याखालील ओलिताच्या क्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने त्यामुळे लांबच लांब भेगा पडतात. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चाकोरीतील थर थकवतात व तेथे मगरीच्या पाठीसारखी जाळी उमटते. वार्धक्याच्या भेगा मात्र बहुधा वरून खाली जातात आणि चाकोरीबाहेर, जेथे चाक क्वचितच पडते तेथेही, चौकोनी तुकड्यांच्या रूपाने दिसतात. पहिल्या पावसाचे पाणी या तिन्ही प्रकारच्या भेगांतून आत जाते आणि खड्डा पडतो. मग सगळा दोष पावसावर येतो.

मापन येथे निर्णायक ठरू शकते. समजा, कामाच्या वेळी ६० वेधन असलेले डांबर दोन वर्षांनी तपासले आणि ते ३५ आढळले, तर भेगांचे कारण जमिनीत किंवा वजनात शोधावे लागेल. तेच २० च्या खाली गेलेले असेल, तर डांबर जास्त तापले होते काय, किंवा दबाई अपुरी होऊन पोकळ्या जास्त राहिल्या काय, हे विचारावे लागेल. दोष दायित्वाच्या कालावधीत हा भेद पैशाचा असतो. कंत्राटदाराने पुन्हा काम करावयाचे की शासनाने मजबुतीकरणाचा खर्च करावयाचा, हे त्यावर ठरते. मोजमाप प्रामाणिक कंत्राटदाराला जितके संरक्षण देते, तितकेच ते करदात्यालाही देते. मोजमापाच्या अभावी दोष ज्याचा आवाज लहान त्याच्यावर जातो आणि त्याच रस्त्यावर तोच पातळ थर पुन्हा टाकला जातो.

याच परिसरात मोजमापाची एक समृद्ध परंपरा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. भारतातील कृषी हवामानशास्त्राचे पद्धतशीर काम १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पिकाच्या अभ्यासाला तापमान, पाऊस व बाष्पीभवनाच्या नोंदींची जोड असतेच. उसाची पक्वता ब्रिक्सवरून ठरते. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब ठेवून तोड कधी घ्यावी हे ठरविणे येथील शेतकऱ्याला नवीन नाही. २०१५ पासून जमिनीचीही आरोग्य पत्रिका निघू लागली. ज्या रस्त्याने तो ऊस जातो, त्या रस्त्याच्या डांबरालाही अशीच वेळेवर घेतलेली नोंद हवी. त्यासाठी लागणारे वेधनमापक अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतील अगदी साधे उपकरण आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वार्धक्यमापनाची प्रत्येक पद्धत एका विशिष्ट प्रश्नातून जन्मली. बोवेनची सुई खरेदीतील वाद मिटविण्यासाठी, भट्टीच्या चाचण्या प्लांटमधील हानी ओळखण्यासाठी, तर दाबाची चाचणी दीर्घकालीन वार्धक्याच्या भाकितासाठी निर्माण झाली. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरणे योग्य नाही.

२. प्रयोगशाळेतील भाकीत आणि रस्त्यावरील वास्तव यांचा मेळ झाका-विगमोरसारख्या दीर्घकालीन प्रत्यक्ष नोंदींमुळेच बसू शकला. यंत्र आयात करता येते, परंतु येथील उन्हात येथील रस्त्याने काढलेली वर्षे आयात करता येत नाहीत.

३. आयएस ७३ हे मानक पुरवठ्याच्या वेळचे डांबर व अल्पकालीन वार्धक्य यांवर केंद्रित आहे. उष्ण, कोरड्या प्रदेशातील दीर्घकालीन वार्धक्यासाठी स्थानिक नोंदींची जोड आवश्यक आहे.

४. अशी नोंद साधी असू शकते. काम झाल्याची तारीख, डांबराचा उगम व प्रत, तापविण्याचे तापमान, पोकळ्यांचे प्रमाण, मूळ डांबराचा बंद डबीत अंधारात जपलेला नमुना, आणि दर दोन वर्षांनी चाकोरीबाहेरून काढलेल्या गाभ्याच्या वरच्या चकतीचे वेधन, एवढ्या बाबी पुरेशा आहेत.

समारोप

जुना डांबरी थर खरवडून त्याचा पुनर्वापर करण्याविषयी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये आयआरसी १२० ही शिफारस प्रसिद्ध केली. दगडखाणी आणि खनिज तेल या दोहोंवरील ताण पाहता हा मार्ग अपरिहार्य आहे. त्यामुळे वार्धक्यमापनाला नवे महत्त्व आले आहे, कारण जुने डांबर किती कडक झाले आहे हे कळल्याशिवाय त्यात नवे डांबर किती व कोणते मिसळावे हे ठरविता येत नाही.

मैलकुलीच्या काळात रस्त्याची झीज रोज डोळ्यांसमोर होती आणि तिची दुरुस्तीही रोजची होती. डांबराने रस्ता धूळमुक्त केला, वेगवान केला आणि त्याचबरोबर त्याची झीज आपल्या नजरेआड नेली. नजरेआड गेलेली ही गोष्ट पुन्हा दृष्टिपथात आणणे, हेच या सव्वाशे वर्षांच्या मापनेतिहासाचे प्रयोजन राहिले आहे. राहुरी फॅक्टरीच्या रस्त्यावर पुढचा थर पडेल तेव्हा त्याबरोबर एक डबी आणि एक नोंदवही जपली गेली, तर पुढच्या पिढीला त्या रस्त्याच्या मृत्यूचे कारण पावसावर ढकलावे लागणार नाही.